पहाटे पिंजऱ्यातले मासे वर येऊन तोंड वासतात? औषध शोधायच्या आधी हे बघा

पहाटे साडेचारला फोन वाजला की उचलायच्या आधीच मला कळतं. "भाऊ, जिताडो वर येऊन तोंड वासता हा, काय टाकू?" काल संध्याकाळी मस्त खाल्लं होतं, उड्या मारत होते, आणि आज उजाडायच्या आत पंधरा-वीस पांढरी पोटं वर. सगळ्यांना औषधाचं नाव पाहिजे असतं आणि मी पहिल्यांदा विचारतो ते म्हणजे आज तिथी कुठली.

देवगडच्या बाजूला खाडीत पिंजरे लावून मला आता नववं वर्ष चालू आहे, त्यात दोन वेळा माझा माल साफ गेला आणि त्यानंतर मात्र हा प्रकार स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या पिंजऱ्यांवर इतक्यांदा निस्तरलाय की आता मोजत नाही. रोग असतोच नाही असं म्हणत नाही, पण पहाटे एकदम मेले तर बहुतेक वेळा भानगड ऑक्सिजनची असते, आणि ऑक्सिजनला बाटलीतलं औषध नाही.

लक्षणं, नीट बघा

मासे पृष्ठभागाला टेकून, शेपटी खाली सोडून, तोंड उघडझाप करत असतात. टॉर्च मारला तरी पळत नाहीत. मेलेल्यांची तोंडं उघडी आणि कल्ले फाकलेले. मोठे आधी जातात, बोटभर पिल्लं बऱ्याचदा वाचतात. पहाटे ३ ते ६ मध्ये मरतात आणि ऊन वर आलं की उरलेले तरतरीत, जणू काही झालंच नाही. खेकडे दोऱ्यांवर, ड्रमवर चढून बसलेले. पाण्याला आदल्या दोन-चार दिवसांत रंग आलेला असतो, हिरवट, चहासारखा किंवा गुलाबी, आणि मध्येच एखाद्या दिवशी तो रंग अचानक गायब होतो. हा शेवटचा मुद्दा लोक उलटा घेतात. पाणी स्वच्छ झालं म्हणून खूश होतात, तर खरी काळरात्र तीच असते, का ते खाली सांगतो.

आता जे रोगाचं असतं ते वेगळं दिसतं. रोज दोन, रोज तीन असे मरतात, अंगावर जखमा, खवले गेलेले, डोळे पांढरे, आणि वेळेचं काही बंधन नाही. तसं असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, सरळ मासे तपासून घ्या.

सगळ्यात आधी खाणं बंद

तपासण्या नंतर, हे आत्ता. कालचं खाणं पचवायला माशाला जास्त ऑक्सिजन लागतो, आणि खाली पडलेलं खाणं सडतं तेव्हा तेही पाण्यातला ऑक्सिजनच ओढतं. दोन दिवस उपाशी राहून जिताडा मरत नाही. मी पहिल्या वर्षी उलटं केलं होतं, मासे मरगळले म्हणून ताकद यावी म्हणून जास्त मासळी कापून टाकली आणि दुसऱ्या दिवशी ती न खाल्लेली मासळी आणि जिताडे दोन्ही एकत्र काढले.

तिथी आणि घड्याळ (फुकट)

कॅलेंडर बघा. उधाणाला, म्हणजे पुनवेला-अवसेला, खाडीत पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि पिंजऱ्यातलं पाणी दिवसातून चार वेळा धुऊन निघतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी नुसतं डुलतं. आमच्या शेजारचे तात्या काही शिकलेले नाहीत पण त्यांचं एक वाक्य मी लिहून ठेवलंय, "भांगाच्या पाण्यात मासो दमता." माझे दोन्ही मोठे लॉस भांगातले आहेत, आणि एक तर सलग तीन ढगाळ दिवसांनंतरचा.

ढगांचा संबंध काय तर असा. पाण्यातलं बारीक शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री आपल्यासारखंच ओढतं. ३० डिग्रीचं खारं पाणी मुळात लिटरला ६ मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन धरतं, गोड्या पाण्यापेक्षा कमी. शेवाळ दाट असेल तर दुपारी तीनला तेच पाणी ९-१० दाखवतं आणि पहाटे पाचला २. म्हणजे दुपारी मोजून "पाणी एकदम ओके" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, तो फक्त चुकीच्या वेळेला मोजत असतो. ढगाळ दिवसात दिवसाची कमाई कमी आणि रात्रीचा खर्च तेवढाच.

महिनाही बघा. फेब्रुवारी ते मे पाणी तापलेलं, खारटपणा वर. जूनच्या पहिल्या पावसात डोंगरावरची सगळी घाण आणि खत खाडीत येतं, आणि गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खालच्या खाऱ्या पाण्याला हवा मिळत नाही. आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तर आपल्या पश्चिम किनाऱ्याचा जुनाच प्रकार आहे, पावसाळी वाऱ्या-प्रवाहांमुळे खोल समुद्रातलं कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून येतं. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कांदोळीसमोर किनाऱ्यापासून साधारण १० किलोमीटरवर वर्षानुवर्षं हे मोजतायत, सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे तळाशी ऑक्सिजन जवळपास संपतो आणि कधीकधी सडक्या अंड्याच्या वासाचा गॅससुद्धा पाण्यात सापडतो. त्यामुळे भरतीचं पाणी आलं म्हणजे ताजं पाणी आलं, हे दर वेळी खरं नाही. सप्टेंबरात भरतीबरोबरच मासे वर येऊ लागले तर हा संशय घ्या.

बाटली (हीपण फुकट)

माझी सगळ्यात लाडकी टेस्ट. बिसलेरीची लेबल काढलेली स्वच्छ बाटली पिंजऱ्याजवळ हातभर खालून भरायची, झाकण लावायचं आणि खिडकीत ठेवून चहा प्यायचा. पंधरा-वीस मिनिटांनी बघा.

लाल पाणी दिसलं म्हणून आपल्याकडे लगेच "विषारी शेवाळ" अशी आरोळी ठोकतात. कोकणात आधी जांभ्या दगडाची माती आठवायची. माती असेल तर ती बाटलीच्या तळाला बसते, वर पाणी निवळतं. हिरवं-तपकिरी बारीक शेवाळ असेल तर ते तसंच मध्ये लटकून राहतं, पाणी पातळ सरबतासारखं. आणि वर, झाकणाच्या खाली, गुलाबी-केशरी साय धरली तर ती नॉक्टिलुका, एका पेशीचा तरंगता जीव. टॉर्च मागून धरला की साबुदाण्याच्या अगदी पिल्लांसारखे गोल दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात, कारण त्याची एकेक पेशी मिलिमीटरच्या आसपास जाते. वर का तरंगते, तर तिच्या पोटात अमोनियावालं हलकं द्रव असतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

उन्हाळ्यात लाकडाच्या भुशासारखे पिवळट-तपकिरी पट्टे दिसले आणि बाटलीत बारीक काड्या-काड्या वर आल्या तर ते ट्रायकोडेस्मियम नावाचं शेवाळ, दर्यावर्दी लोक त्याला समुद्राचा भुसा म्हणतात. खुल्या समुद्रात त्याने फार वाकडं होत नाही पण वाऱ्याने खाडीच्या कोपऱ्यात ढकललं गेलं आणि तिथेच सडलं की वासही सुटतो आणि ऑक्सिजनही जातो.

रात्रीची टेस्ट याहून सोपी. बादलीत पाणी घ्या, अंधारात हात फिरवा. निळ्या ठिणग्या आल्या तर नॉक्टिलुका किंवा तिच्या जातभाईंपैकी कोणीतरी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूपासून कोकणापर्यंत लोक निळ्या लाटांचे व्हिडिओ टाकत होते तेव्हा टुरिस्टांची मजा झाली, मी मात्र त्या आठवड्यात एअर पंपाजवळ झोपत होतो. ठिणग्या दिसल्या म्हणजे मासे मरणारच असं नाही, थोडी नॉक्टिलुका हिवाळ्यात असतेच. साय किती जाड आहे ते महत्त्वाचं. हीच नॉक्टिलुका, हिरवा प्रकार, २०१९ च्या सप्टेंबरात तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला मन्नारच्या आखातात इतकी दाटली की पाणी हिरवं झालं आणि मासे किनाऱ्याला लागले.

पांढरी-काळी थाळी (शंभरभर रुपये)

स्टीलची जेवणाची थाळी घ्या, चार भाग करून दोन काळे दोन पांढरे रंगवा, मधून दोरी, दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ. सकाळी दहा-अकराला सावलीच्या बाजूने खाली सोडा आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजा. रोज. एक दिवस मोजून उपयोग नाही. माझ्या खाडीत पावसाळा सोडून साधारण ७०-८० सेंटिमीटरला थाळी दिसेनाशी होते. चार दिवसांत ती ४० वर आली आणि बाटलीत माती नाही तर शेवाळ वाढतंय, आजपासून खाणं निम्मं. २५ च्या आत आली तर रात्री जागायची तयारी. आणि २५ वरून एका रात्रीत परत ८० झाली तर सगळ्यात जास्त घाबरायचं, कारण शेवाळ कुठे गेलेलं नाही, मेलंय. मेलेलं शेवाळ खायला जिवाणू तुटून पडतात, ते ऑक्सिजन ओढतात, आणि आता दिवसा ऑक्सिजन बनवणारंही कोणी उरलेलं नाही. मघाशी म्हटलेली काळरात्र ती हीच.

म्हणूनच मोरचूद, ब्लीचिंग, चुना असलं काही टाकून शेवाळ "मारू" नका. तुम्ही स्वतःच्या हाताने तीच रात्र बोलावता. शिवाय खाडी तुमच्या एकट्याची नाही, खाली कोणाची कालवं आहेत, कोणाचं जाळं आहे. कोरियात १९९६ पासून पिवळी माती फवारून शेवाळ तळाला बसवतात हा व्हिडिओ मला दर वर्षी कोणीतरी पाठवतं. ते तिथलं सरकार बोटींचा ताफा लावून करतं, विशिष्ट माती, विशिष्ट शेवाळ. आपण घमेलाभर जांभा पिंजऱ्यात ओतला तर माशांच्या कल्ल्यात माती जाईल एवढंच.

जाळं हाताने चाचपून बघा

लाज वाटते पण लिहितो, मला बोलावलेल्या कितीतरी ठिकाणी शेवाळ-बिवाळ काही नव्हतं, जाळ्याची भोकं बुजली होती. कालवांची पिल्लं, बार्नॅकल, हिरवी झालर. बाहेर पाण्यात ऑक्सिजन ५ आणि पिंजऱ्याच्या आत ३. जाळ्याचा तुकडा वर उचला आणि त्यातून पलीकडचा हात दिसतो का बघा. दिसत नसेल तर पाणीही जात नाही. पण संकट चालू असताना जाळं पिंजऱ्यातच घासत बसू नका, ती सगळी घाण आत पडते. भरतीला, दिवसा, दुसरं जाळं बाहेरून चढवून मग जुनं सोडवा. आणि पिंजऱ्याखाली सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तळापासून किती पाणी उरतं तेही बांबू टाकून बघा. बांबू काळा होऊन, सडक्या अंड्यासारखा वास घेऊन वर आला तर तुमचंच जुनं खाणं खाली सडतंय. अशी जागा बदलावीच लागते, दुसरा इलाज नाही.

आता पैसे खर्च करा: ऑक्सिजन मोजणं

थेंबांचं किट चालतं, मीटर असेल तर उत्तम, पण मीटरला खारटपणाचं सेटिंग असतं ते न करता लोक आकडे सांगतात आणि ते जास्त येतात. पहाटे साडेचार-पाचला मोजा. तीन ठिकाणी: पिंजऱ्याच्या आत, बाहेर, आणि बाहेर तळाजवळ. या तीन आकड्यांतच निम्मं उत्तर असतं. बाहेर चांगला आणि आत कमी तर जाळं किंवा गर्दी. वर चांगला आणि तळाला कमी तर पाण्याचे थर झालेत किंवा समुद्राचं कमी ऑक्सिजनचं पाणी आत आलंय. सगळीकडे कमी तर शेवाळ.

४ च्या वर निवांत. ३ च्या खाली मासा त्रासात. २ ला शास्त्रज्ञसुद्धा पाणी ऑक्सिजन-तुटीचं धरतात, तिथे तासांचा हिशोब सुरू होतो.

ऑक्सिजन ठीक आणि तरी मासे तडफडतायत तर अमोनिया आणि पीएच मोजा. नॉक्टिलुकाच्या पोटातला अमोनिया आठवला का, ती मरून फुटली की तो पाण्यात येतो. आणि दुपारी शेवाळामुळे पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून अमोनियाचा त्रास पहाटेपेक्षा दुपारी दिसतो. मेलेल्याचा कल्ला उचलून बघा: गडद, जळल्यासारखा, किंवा चिकट बुळबुळीत तपकिरी असेल तर फक्त ऑक्सिजनचं प्रकरण नाही.

काय करायचं, हलक्याकडून जडाकडे

खाणं बंद केलंतच. मग गर्दी कमी करा, विकण्याजोगे मासे जिवंत आणि धडधाकट असतानाच, त्रास सुरू व्हायच्या आधीच काढा, भाव कमी आला तरी चालेल, मी हट्ट करून थांबलो होतो तेव्हा भावाचा प्रश्नच उरला नाही. मग हवा. मध्ये खंड नको, रात्री १० ला सुरू करून सूर्य नीट वर येईपर्यंत. मासे वर आल्यावर पंप शोधायला निघालात तर उशीर झाला. हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर पिंजऱ्याच्या मध्यावर टांगा, तळाला टेकवले तर गाळ उसळतो. पंप नसेल तर पाण्याचं इंजिन लावून वरचंच हातभर खोलीचं पाणी उंच फवारा, तळाचं उचलू नका. होडीचं इंजिन बांधून पाणी ढकलण्याचा जुगाड रात्र काढायला चालतो, पण खाली किमान पुरुषभर पाणी असेल तरच.

पिंजरा ओढून खोल पात्रात नेणं हा शेवटचा उपाय. आधी तिथला पहाटेचा ऑक्सिजन मोजा, नाहीतर आगीतून फुफाट्यात. आमच्याकडे एकाने न मोजता नेला आणि वाटेतच अर्धे गेले, कारण दमलेले मासे जाळ्याच्या कोपऱ्यात दाबले गेले. उधाणाच्या भरतीला, अगदी सावकाश.

जे जाळं टाकतात, पिंजरे नाहीत, त्यांना एवढंच: सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाची मासळी अचानक किनाऱ्याला खूप लागली आणि चार दिवसांनी जाळं रिकामं, तर ती पळून आलेली असू शकते. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था मासळीच्या जागा सांगते तशी शेवाळाच्या बहराचीही माहिती उपग्रहावरून देते, बघायची सवय लावा. ढग असले की उपग्रहाला दिसत नाही आणि खाडीत तर बारीक-सारीक कळत नाही, तेव्हा बाटली टाकून देऊ नका.

इथे थांबा

एअर पंपाची वायरिंग खाऱ्या पाण्यावर स्वतः करू नका. वायरमन बोलवा, करंट तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. पहाटे ओल्या हाताने प्लग खोचणाऱ्यांना मी ओळखतो, त्यातला एक मी होतो.

सडक्या अंड्याचा वास येत असेल तर जाळं सोडवायला पाण्याखाली कोणी उतरायचं नाही. डोळे चुरचुरतायत, घसा धरतोय, मळमळतंय असं काठावरच्या माणसांना झालं तर सगळ्यांना लांब करा आणि दवाखाना. २००४ च्या सप्टेंबरात केरळच्या किनाऱ्यावर शेवाळाच्या बहराच्या नुसत्या वासाने दोनशेच्या वर लोकांना, त्यात जास्त करून मुलांना, मळमळ आणि दम लागण्याचा त्रास झाला होता.

रात्रभर हवा देऊनही सलग दोन पहाटे आकडा २ च्या वर येत नसेल, किंवा ऑक्सिजन-अमोनिया दोन्ही ठीक असून भर दुपारी मासे मरत असतील, किंवा पिंजऱ्याबाहेर खाडीत चार-पाच जातींचे मासे एकत्र तरंगत असतील तर तुमच्या-माझ्या हातातलं काम संपलं. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात फोन करा, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाला विचारा, आणि वरून कुठून रसायन सोडल्याचा संशय असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. ते येईपर्यंत नमुने तुम्हीच धरायचे, कारण येईपर्यंत दोन भरत्या होऊन जातात. पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत शेवाळ टिकवायला लुगोल आयोडीनचे थेंब, पाणी फिकट चहासारखं होईपर्यंत, दुसरी तशीच, दोन्ही अंधारात बर्फाच्या पेटीत. मासा मेलेला नको, मरायला टेकलेला, बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका. तारीख, वेळ, भरती की सुकती, सगळं बाटलीवर लिहा. विमा असेल तर मेलेली मासळी पुरायच्या आधी फोटो आणि पंचनामा.

आणि त्या दिवसांत त्या खाडीतली कालवं, तिसऱ्या, शिनाणे असलं शिंपल्यातलं काही कोणी खायचं नाही, विकायचं तर अजिबात नाही. ते पाणी गाळून खातात, शेवाळातलं विष त्यांच्यात साठतं, ते स्वतः मरत नाहीत आणि चवीत फरक पडत नाही. उकळून, तळून, आमसूल टाकून विष जात नाही. १९८३ मध्ये मंगळुरूजवळ कुंबळ्याला तिसऱ्या खाऊन एक मुलगा गेला, १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिनाणे खाऊन सात माणसं. खाल्ल्यावर ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी, बधिर झाली तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, पुढचा टप्पा श्वास अडकण्याचा आहे आणि त्यावर उतारा नाही. व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरला आधी सांगा. जमलं तर उरलेल्या तिसऱ्या पिशवीत घालून बरोबर न्या.